कायद्याचा अभ्यासक्रम आणि बुडालेली गावे



सातारच्या व्यासपीठावर न्यायाचा विषय निघाला, की माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतल्यावाचून वक्त्याला पुढे जाता येत नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीवर बसू पाहणाऱ्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज अन्य प्रायश्चित्त नाही असे सांगणारा न्यायाधीश याच कृष्णाकाठचा, याचा अभिमान सर्वांना आहे आणि तो रास्तही आहे. परंतु त्या प्रसंगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. रामशास्त्री पुणे सोडून गेले आणि राघोबादादा पेशवे झालेच. न्यायाधीशाचे तेज कितीही प्रखर असले, तरी त्यामागे कायद्याची यंत्रणा आणि तिच्यावर नजर ठेवणारा समाज नसेल तर ते तेज त्या एका माणसापुरतेच राहते.

कायद्याच्या विद्यार्थ्याने ज्याला आपला पूर्वज मानावे असा माणूस साताऱ्यात दुसराच होऊन गेला. रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव सातारकरांना ठाऊक आहे ते १८५७ च्या कटामुळे. त्याआधीची त्यांची कामगिरी मात्र क्रांतिकारकाची नव्हती, वकिलाची होती. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसविले आणि १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून पदच्युत करून काशीस धाडले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे ठाण मांडून बसले. कंपनीच्या संचालकांसमोर, भागधारकांसमोर, पार्लमेंटच्या सभासदांसमोर त्यांनी अर्जांमागून अर्ज ठेवले. मध्यंतरी १८४७ मध्ये महाराज वारले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्यच खालसा केले. म्हणजे तहाच्या अर्थाविषयी सुरू झालेला दावा दत्तकाच्या हक्काचा दावा होऊन बसला. एकाच प्रकरणात तहाचा अर्थ, धर्मशास्त्रातील दत्तकविधान, कटाच्या आरोपामागील कागदपत्रांचा खरेखोटेपणा आणि कंपनीच्या कारभारावर पार्लमेंटची हुकमत किती, असे चार वेगवेगळे प्रश्न गुंतलेले होते. यातला एकच धागा धरून चालले असते तर रंगो बापूजींना महिनाभरात परत यावे लागले असते. चारही धागे हातात धरून त्यांनी चौदा वर्षांच्या आसपास झुंज दिली. दावा ते हरले. पण त्यांची बाजू कागदावर उतरलेली होती, म्हणून ती पुढच्या पिढ्यांना वाचता आली.

हे जुने प्रकरण उकरून काढण्याचे कारण आजचे आहे. विद्यापीठात कायदा शाखांनी शिकवला जातो: संविधान, करार, अपकृत्ये, कौटुंबिक कायदा, मालमत्तेचे हस्तांतरण, जमीनविषयक कायदे, कामगार कायदे, पर्यावरण, पुरावा, प्रक्रिया. प्रत्येकाचा वेगळा पेपर, वेगळे पुस्तक, वेगळा अध्यापक. शिकवण्याच्या सोयीसाठी असे तुकडे करावेच लागतात आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. तीन किंवा पाच वर्षे या तुकड्यांतून गेलेल्या विद्यार्थ्यापुढे गावाकडचा माणूस कापडात बांधलेले कागद घेऊन येतो, तेव्हा ते तुकडे परत कोण जोडणार? आणि जोडायला शिकवण्याची जागा विद्यापीठ नसेल, तर ती कोणती?

सातारा-सांगली पट्ट्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक तीव्र आहे. यशवंतराव चव्हाणांसारख्या देवराष्ट्राच्या शेतकरी घरातील मुलाला कायदा शिकण्यासाठी पुणे गाठावे लागले होते. कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज १९३३ मध्ये निघाले, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले, पुढे साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज उभे राहिले, सांगलीतही कायद्याचे शिक्षण मिळू लागले. माण, खटाव, पाटण, शिराळा, जत, आटपाडी या तालुक्यांतील कुळांची, धरणग्रस्तांची, ऊसतोड्यांची, हमालांची मुले काळा कोट घालू लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली तेव्हा ज्या वर्गाकडे पाहून ती केली, त्या वर्गाच्या हाती कायद्याचे पुस्तक आले ही लहान गोष्ट नव्हे. पण वर्गात पाऊल टाकताच या मुलाला नकळत शिकवले जाते, की त्याच्या घरी जे काही माहीत आहे ते कायद्याचे ज्ञान नव्हे. वहिवाट, फेरफार, वारसनोंद, पाळीपाण्याचा तंटा हे सारे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. ते बाहेर ठेवून त्याने आत यायचे असते.

मग हा विद्यार्थी लिहितो काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये कायद्याच्या शिक्षणाचे नियम केले. त्यांत अभिरूप न्यायालयाबरोबर प्रत्यक्ष खटला पाहून त्याची नोंद ठेवण्याची, वकिलाच्या किंवा विधी-साहाय्याच्या कार्यालयात बसून पक्षकाराची मुलाखत कशी घेतात हे पाहून ते डायरीत लिहिण्याची सक्ती आहे आणि त्याला गुण आहेत. नियम उत्तम आहे. परंतु एका वर्षीची डायरी दुसऱ्या वर्षी नाव बदलून सादर होते, हे वकिली वर्तुळातील उघड गुपित आहे. एल्एल. एम.ला प्रबंध लिहावा लागतो. तेथे विषय निवडला जातो तो बहुधा इतका विशाल, की त्यात सातारा नसतो, सांगली नसते, माणूसच नसतो. शिक्षेच्या सिद्धान्तांवर लिहायचे तर बेंथमपासून आरंभ होतो, आणि आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसविलेली स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत कोणाच्या गावीही नसते. भिंत नाही, गज नाहीत, कैदी शेती करतात आणि कुटुंबासह राहतात, असा प्रयोग ज्या जिल्ह्यात झाला आणि ज्यावरून शांताराम बापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने सुधारणावादी शिक्षेचे उदाहरण परदेशी पुस्तकातून उतरवावे, हे दुर्दैव म्हणावे की आळस, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुख्य उदाहरण मात्र कोयनेचेच घेतले पाहिजे. १९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले, १९६२ मध्ये पोफळीहून वीज निघू लागली. मुंबईचे कारखाने उजळले, शिवसागराखाली पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावे गेली. त्यांतील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. कोणतेही, गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

आजोबा खातेदार. भाऊ तीन, चुली तीन, पण सातबारा एकाच्या नावावर, कारण वाटणीचा फेरफार घालायला कोणी गेले नव्हते. संपादन झाले १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्याला पैशाची भाषा येत होती, जमिनीच्या बदल्यात जमीन हा हक्क त्याच्या गावी नव्हता. निवाडा मान्य नसेल तर कलम १८ खाली दिवाणी न्यायालयाकडे जाता येई, पण निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या माणसाला मुदत होती सहा आठवड्यांची. घर मोडून, गुरेढोरे हाकून, देव उचलून नेणाऱ्या माणसाला सहा आठवडे! कलम १८ काय आहे हे सांगणारा वकील त्या खोऱ्यात कोणी असलाच, तरी त्याच्यापर्यंत पोचायलाच त्यातले किती दिवस जात असतील याचा हिशेब करावा. मोबदला कागदोपत्री एका भावाच्या नावे आला, दोघे भाऊ पुनर्वसनाच्या हिशेबात उपरे ठरले. पहिला कायदेशीर प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो भूसंपादनाचा नव्हे, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा आहे.

त्यानंतर कुटुंब फुटते. कोणी कोकणात उतरतो, कोणी सोलापूर-सांगलीकडे दाखवलेल्या माळरानावर जातो. एक भाऊ मुंबई धरतो आणि मस्जिद बंदरला पाठीवर गोणी घेतो. त्या गोणीखाली पाटण-जावळीची इतकी माणसे होती, की पाटण तालुक्यातूनच आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. असंघटित कष्टकऱ्यांना मंडळाद्वारे मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर संरक्षण देणारा हा कायदा देशात आपल्या परीने अपूर्व होता. विद्यापीठात तो कामगार कायद्याच्या पेपरात येतो, तेथे तो मुंबईचा असतो. तो जितका मुंबईचा आहे तितकाच खेड्यातून उखडलेल्या सातारकराचाही आहे, हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. कामगार कायदा आणि भूसंपादन कायदा यांची गाठ एका घरात कशी पडली, हे सांगणारा प्रबंध लिहायला साताऱ्याबाहेरचा कोणी येणार नाही.

तिसरा भाऊ कुठेच गेला नाही. पाणी वर चढले तसा तोही डोंगरावर चढला आणि वरच्या सड्यावर नाचणी-वरी करू लागला. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले, त्याच वर्षी दक्षिणेला शिराळ्याकडचे चांदोली अभयारण्य झाले. २००४ मध्ये चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. धरणाने एकदा उठवलेला माणूस वाघासाठी दुसऱ्यांदा उठवला जाऊ लागला. आता त्याच्यासमोर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि २००६ चा वनहक्क कायदाही आहे. वनहक्क कायदा दिलासा देतो. पण तो आदिवासी नसेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास त्याने सिद्ध करावा असे म्हणतो. ७५ वर्षे मागे गेले की १९३० येते. १९३० चा त्याचा पुरावा पाण्याखाली आहे. आणि ज्या सरकारने तो पाण्याखाली घातला तेच सरकार आता तो मागते. हा प्रश्न पर्यावरणाच्या पेपरात बसतो की पुराव्याच्या? विद्यार्थ्याने येथे अडखळावे. अडखळल्याशिवाय अभ्यास सुरू होत नाही.

जमीन मिळालेल्यांची कथाही सरळ नाही. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रभर घुमली, बाबा आढावांसारख्यांनी धरणग्रस्तांची परिषद उभी केली आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पुढे १९८६ चा आणि १९९९ चा कायदा आला. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून ठरावीक पायऱ्यांनी जमीन घ्यायची आणि ती बुडीत क्षेत्रातील कुटुंबांना द्यायची, हे या कायद्यांचे मूळ सूत्र. ज्याला पाणी मिळणार त्याने ज्याचे सर्वस्व बुडाले त्याला वाटा द्यावा, याइतका सरळ न्याय दुसरा नाही. परंतु कोयनेचे लोक या कायद्याच्या आधीच बुडालेले होते. त्यांच्या हाती राहिले शासकीय निर्णय, आश्वासने आणि बैठकांची इतिवृत्ते. ज्या नंतरच्या धरणग्रस्तांना कायदा लागू झाला त्यांच्या वाट्याला दुसरे झगडे आले. मोबदल्यातील ठरलेला हिस्सा सरकारजमा केल्याची पावती आहे की नाही, संकलन रजिस्टरात नाव कोणाचे, वाढीव कुटुंब धरले की नाही. वाटप झालेल्या जमिनीवर ताबा घ्यायला जावे तर मूळ मालकाने न्यायालयातून स्थगिती आणलेली. ताबा मिळालाच, तर सातबारावर शर्तीची नोंद आणि परवानगीशिवाय हस्तांतरण नाही. यांतील एकेका वाक्यामागे एकेका पिढीचे आयुष्य गेले आहे.

आणि या सर्व हिशेबात मुली कुठे होत्या? खातेदार पुरुष, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब, मुलगी लग्न होऊन गेलेली, असा पुनर्वसनाच्या यंत्रणेचा रिवाज. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद केले, केंद्राने २००५ मध्ये तेच देशभर केले, आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने आहे आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट त्याला नाही. मग बुडालेल्या वडिलोपार्जित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीत बहिणीचा वाटा काय? कुटुंबकायद्याचा अध्यापक विनीता शर्मा शिकवतो, जमीनविषयक कायद्यांचा अध्यापक पुनर्वसन शिकवतो, आणि हा प्रश्न दोन तासांच्या मधल्या सुटीत पडून राहतो. चळवळीतही तो तसाच पडून राहिला आहे, हे कार्यकर्त्यांच्या सभेत बोलून दाखवणे भाग आहे. मोर्चात पुढे बायका असतात, यादीत त्यांची नावे शोधावी लागतात.

विद्यापीठीन लिखाणाने काय होणार, असा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण पुरेसे आहे. १९७२ मध्ये विदर्भातील देसाईगंजच्या पोलिस चौकीत मथुरा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी धरले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क झाला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या दिल्ली-पुण्याच्या चार कायदे-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक त्यांनी निकालाच्या ओळी समोर ठेवून दाखवला. त्या पत्रातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा व पुराव्याचा कायदा दोन्ही बदलले. पोलिस कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे कलम त्यातून आले. रस्त्यावरची शक्ती नसती तर ते पत्र कपाटात राहिले असते हे खरे. पण ते पत्र नसते तर रस्त्यावरच्या शक्तीला नेमके काय मागायचे हे इतक्या अचूकपणे सांगता आले नसते.

सांगली जिल्ह्यात याच्या उलट क्रमानेही घडले आहे. खानापूर तालुक्यात येरळेच्या पात्रातून वाळूचे ट्रक मुंबई-पुण्याकडे जात होते आणि विहिरी आटत होत्या. १९८० च्या दशकात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी, मुक्ती संघर्ष चळवळीने, वाळूवर पहिला हक्क गावाचा असे म्हटले. मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधायचे ठरवले, आणि बांधले. महसूल अधिनियम वाळूची मालकी सरकारला देतो. संविधान नैसर्गिक साधनांची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हितासाठी वाटले जावे असे सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. लोकांनी या दोहोंमधली फट ओळखली आणि तिच्यात धरण उभे केले. पाणी कोणाला, तर जमीन असलेल्याला आणि नसलेल्यालाही, माणशी समान, हा त्यांचा आग्रह होता. कृष्णा लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले, हे विद्यार्थी परीक्षेत लिहितो. त्या ५६० मधले आटपाडीच्या भूमिहीन बाईच्या वाट्याला काय, हा प्रश्न लवादासमोर कधी नव्हता. तो नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून मांडला. पाणीकायद्यावरचा प्रबंध लवादाच्या निवाड्यापाशी संपत असेल, तर तो अर्धाच लिहिला गेला असे म्हणावे लागेल.

आता चळवळीच्या बाजूचेही थोडे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण कार्यकर्त्यांच्या तोंडी सहज येते. कायदा धनदांडग्यांचा, वकील त्यांचे. मग वाचायचा कशाला, असा त्यामागचा भाव. १९४३ ते १९४६ या काळात याच भूमीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली, सावकारांचे आणि गुंडांचे पारिपत्य केले, जमिनीचे जुने तंटे मिटवले. त्याचा दाखला देऊन लोकन्याय हाच खरा असेही म्हटले जाते. त्या मंडळांनी गोरगरिबाला दिलेला आधार कोणी नाकारू नये. पण त्या न्यायाला अपील नव्हते आणि त्याच्या निकालांचे दप्तर भूमिगत कामाच्या स्वरूपामुळेच फारसे उरले नाही, हेही नाकारू नये. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कूळ कायद्याने मालक झाले. तेव्हा ज्या कुळाजवळ कागद होता आणि कागद वाचणारा कोणी होता, त्याची जमीन टिकली. ज्याच्याकडून ‘स्वखुशीने’ कब्जा सोडल्याचा जबाब घेतला गेला, त्याची गेली.

भाषेचा अडथळा मोठा आहे, आणि तो सांगितला जातो त्याहून वेगळ्या ठिकाणी आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना राज्याने १९९८ मध्येच काढली. फेरफार मराठीत, सातबारा मराठीत, जबाब मराठीत. इंग्रजी लागते ते उच्च न्यायालयापासून पुढे. म्हणजे वस्तुस्थिती जेथे सिद्ध होते वा बुडते तो सगळा पल्ला मराठीचा आहे, आणि विद्यार्थ्याला मात्र मराठीत लिहिणे कमीपणाचे वाटते. परिणाम असा, की त्याला तोडके इंग्रजी येते आणि दाव्याची कैफियत स्वच्छ मराठीत लिहिता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी अनेक वर्षे आंदोलन केले होते. सातारा-सांगलीच्या पक्षकाराची मुंबईची खेप त्यामुळे वाचली. परंतु तेथे इंग्रजीत मांडायची बाजू खाली मराठीत नीट उभी केलेली नसेल, तर अंतर कमी झाल्याचा लाभ ज्याच्याकडे आधीच चांगला वकील आहे त्यालाच होईल.

परीक्षा, पदवी, सनद ही चिंता विद्यार्थ्याला आहे आणि ती खरी आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा हे तिन्ही कायदे बदलले. जुनी कलमे विसरून नवे क्रमांक पाठ करण्यातच त्याची दमछाक होते. त्याच्यावर नवे ओझे टाकण्याची गरज नाही. डायरी त्याला लिहायचीच आहे. बारा किंवा वीस आठवड्यांची उमेदवारी करायचीच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महाविद्यालयातून विधी-साहाय्य केंद्र चालवता येते. फक्त डायरीतला पक्षकार खरा असावा. एका कुटुंबाचे कागद तारखेनुसार लावावेत, कोणत्या कागदाला कोणता कायदा लागतो ते समासात लिहावे, कोणता कागद गहाळ आहे आणि तो कोणत्या कार्यालयात मिळू शकेल ते नोंदवावे, आणि हे सारे त्या कुटुंबाला वाचून दाखवता येईल अशा मराठीत असावे. नावे अर्थातच झाकावीत; पक्षकाराचा विश्वास हा कायद्याच्या धंद्याचा पहिला नियम आहे. असे शंभर कागदसंच झाले, तर पुनर्वसन अधिकाऱ्यासमोर बसणाऱ्या शिष्टमंडळाच्या हाती घोषणेबरोबर पुरावाही असेल.

यात कार्यकर्त्यांचे काम थोडे पण तातडीचे आहे. महाविद्यालयाच्या दारात जाऊन विद्यार्थ्याला गावापर्यंत नेणे, आणि गावाला त्याच्यासमोर गाठोडे सोडायला तयार करणे. कोयनेचे पाणी चढताना जी मुले पंधरा-सोळा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहेत. कोणाचे शेत कोणत्या ओढ्यापर्यंत होते, कोण कोणाच्या चुलीवर होते, पैसे कोणाच्या हाती पडले, हे सांगणारी ती शेवटची माणसे. त्यांचे जबाब सही-अंगठ्यासह लिहून घ्यायला हवेत. परीक्षा संपल्यानंतरचे उन्हाळ्याचे दिवस त्यासाठी सोयीचे. पाऊस लागला की वरच्या वाड्यांवर पोचता येत नाही.